खोबरेल, कीटोन आणि आजीची स्मृती

बारावीच्या वर्गात श्वसनाचा पाठ संपला की आम्ही एक वाक्य ठासून सांगत आलो आहोत: स्नायू काहीही जाळतील, मेंदू मात्र हट्टी आहे, त्याला ग्लुकोजच लागते. वर्षानुवर्षे हेच सांगितले. मग एकदा आपण अर्धेच खरे सांगतो याची टोचणी लागली आणि मागच्या वर्षी पुरवणी जोडली, की दीर्घ उपासात मेंदू कीटोनद्रव्यांवरही चालतो, आणि काही मेंदूविकारांत त्याचा उपयोग होतो का हे शास्त्रज्ञ पाहत आहेत. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी जवळ आली. "सर, म्हणजे आम्ही आजीला खोबरेल देतोय ते बरोबरच आहे ना?"

आजी डोंबिवलीची. दोन वर्षांपासून स्मृतिभ्रंश. शेजारच्या काकूंनी एक इंग्रजी पुस्तक दिले होते, नात्यातल्या कोणीतरी फोनवर त्याचा मराठी सारांश पाठवला होता. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे खोबरेल आणि भात-पोळी बंद असा क्रम महिनाभर चालू होता. आजींना मधुमेहाच्या गोळ्याही चालू होत्या. आम्ही त्या मुलीला "वाचून सांगतो" म्हणालो. ती पुस्तक घेऊनच आली. हा लेख म्हणजे त्या पुस्तकाचे परीक्षण आहे आणि तिला द्यायचे राहिलेले उत्तरही.

पुस्तक डॉ. मेरी न्यूपोर्ट यांचे. 'अल्झायमर्स डिसीज: व्हॉट इफ देअर वॉज अ क्युअर?' हे त्याचे नाव, पहिली आवृत्ती २०११ ची. बाई अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातील नवजात-अर्भकतज्ज्ञ. पती स्टीव्ह यांना पन्नाशीतच अल्झायमर जडला. २००८ च्या मे महिन्यात एका औषधचाचणीत त्यांना दाखल करता येईल का, याची खटपट चालू असताना बाईंच्या वाचनात मध्यम साखळीच्या मेदाम्लांवरचे संशोधन आले. अशी मेदाम्ले खोबरेलात असतात हे त्यांना ठाऊक होते, कारण कमी दिवसांच्या बाळांच्या दुधात ती मुद्दाम घालतात. त्यांनी पतीच्या न्याहारीत खोबरेल घातले. चाचणीतले गुण वाढले. आधी घड्याळाचे चित्र काढायला सांगितले की स्टीव्ह काही वर्तुळे आणि आकडे इकडेतिकडे टाकत. काही दिवसांनी काढलेले घड्याळ घड्याळासारखे दिसू लागले. ही चित्रे पुस्तकात आहेत आणि जगभर फिरली ती तीच.

आधी पुस्तकाची बाजू मांडतो, कारण ते टाकाऊ नाही. बाईंनी दैनंदिनी ठेवली, मात्रा लिहिल्या, चाचणीची नावे दिली, शास्त्रज्ञांना पत्रे लिहून कीटोन कसे तयार होतात ते समजून घेतले. रसायनशास्त्र समजावणारी प्रकरणे आपल्याकडच्या कितीतरी पाठ्यपुस्तकांपेक्षा सुबोध आहेत. आजारी माणसाची सेवा करणाऱ्याचा थकवा त्यात कुठेही भडक न होता उतरला आहे. स्टीव्ह यांना पुढे प्रयोगशाळेत बनवलेले कीटोन-एस्टरही मिळाले आणि त्याचा वृत्तांत २०१५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आला. म्हणजे बाईंनी विषय स्वयंपाकघरातच सोडून दिला नाही.

आमची तक्रार नावापासून सुरू होते. 'उपाय असला तर?' असा प्रश्न मुखपृष्ठावर टाकला की वाचक प्रश्नचिन्ह विसरतो आणि 'उपाय' तेवढा लक्षात ठेवतो. मराठी सारांशात तर प्रश्नचिन्ह गळूनच गेले होते. पण नावाचे सोडून देऊ. मूळ प्रश्न असा, की मेंदू खरोखर कीटोनवर चालतो का? चालत असेल तर त्यावरून आजीपर्यंत पोचायला किती पायऱ्या आहेत, आणि त्यांतल्या कोणत्या भक्कम आहेत?

पहिली पायरी अगदी भक्कम आहे. ती फळ्यावर गणित मांडूनच शिकवावी असे आम्हाला वाटते. मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के त्याला लागते. दिवसाला साधारण ४०० किलोकॅलरी, म्हणजे १०० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज. यकृतातला ग्लायकोजेनचा साठाही साधारण १०० ग्रॅमच, तो उपासाच्या पहिल्या दिवसा-दीड दिवसात संपत येतो. चरबी भरपूर असते, सामान्य माणसाच्या अंगावर दहा-बारा किलो सहज. पण मेदाम्ले रक्तात अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतात आणि रक्त व मेंदू यांच्यामधला अडसर ओलांडून मेंदूला पुरेशी मिळत नाहीत. चरबीचे ग्लुकोजही फारसे होत नाही, ग्लिसरॉलच्या वाट्यापुरतेच होते. मग उरतात प्रथिने. १०० ग्रॅम ग्लुकोज प्रथिनांपासून करायचे तर ढोबळ मानाने १७५ ग्रॅम प्रथिने मोडावी लागतात, म्हणजे रोज जवळजवळ पाऊण-एक किलो स्नायू! अंगात प्रथिने सगळी मिळून दहा-अकरा किलो. त्यांतली निम्मी गेली तर जीव राहणार नाही. या हिशोबाने उपाशी माणूस तीन-चार आठवड्यांत संपायला हवा. प्रत्यक्षात पाणी मिळत असेल तर धट्टाकट्टा माणूस दोन महिन्यांच्या आसपास तग धरतो. गणित चुकते कुठे?

विद्यार्थ्यांना इथे पाच मिनिटे गप्प बसू द्यावे. आमच्या अनुभवात एखादा तरी म्हणतोच, "मेंदू दुसरे काहीतरी खात असेल." तो मुलगा १९६७ सालच्या शोधापाशी पोचलेला असतो. त्या वर्षी अमेरिकेतील बोस्टन शहरात ऑलिव्हर ओवेन, जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजन घटवण्यासाठी पाच-सहा आठवडे उपास करणाऱ्या तीन स्थूल व्यक्तींच्या मेंदूकडे जाणाऱ्या आणि तिथून परतणाऱ्या रक्तातील द्रव्ये मोजली. जाताना किती आणि येताना किती, यांतला फरक म्हणजे मेंदूने घेतलेला वाटा. मेंदूच्या इंधनापैकी निम्म्याहून बराच अधिक भाग कीटोनद्रव्यांचा निघाला. ग्लुकोजची गरज अशी घटते, स्नायू वाचतात, आणि गणित जुळते. तिन्ही व्यक्ती त्या काळात शुद्धीवर होत्या, बोलत होत्या, हे वेगळे सांगायला नको.

याचे उदाहरण आपल्याकडे शोधायला लांब जावे लागत नाही. एकादशीचे मात्र घेऊ नये. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च; 'एकादशी अन् दुप्पट खाशी' असा उपास करणाऱ्याच्या यकृताला कीटोन करण्याची गरजच पडत नाही. पण ठाण्यात टेंभी नाक्याच्या जैन मंदिराच्या आसपास पर्युषणाच्या दिवसांत फिरले तर अठाई करणारी, म्हणजे आठ दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर राहणारी माणसे भेटतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून भूक मंदावते, तोंडाला एक विशिष्ट गोडसर वास येतो, आणि प्रवचन ऐकण्याइतके डोके शाबूत असते. तो वास ॲसिटोनचा. (वर्गात याचे कौतुक जरूर करावे, पण मधुमेही विद्यार्थी किंवा पालक यांनी असा प्रयोग करू नये हे त्याच श्वासात सांगावे.)

कीटोनद्रव्ये तीन: ॲसिटोॲसिटेट, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट आणि ॲसिटोन. यांतले दुसरे रसायनशास्त्राच्या व्याख्येने कीटोन नाहीच, तो हायड्रॉक्सि-आम्लाचा क्षार आहे. रक्तात मात्र त्याचेच प्रमाण सर्वांत जास्त. कार्बनी रसायन शिकलेल्या विद्यार्थ्यासमोर ही विसंगती ठेवली की तो खूश होतो. यकृत ही द्रव्ये मेदाम्लांपासून बनवते, पण ती वापरायला लागणारे एक विकर त्याच्याकडे नसल्याने स्वतः वापरू शकत नाही. घरी पोळ्या लाटायच्या आणि डबा दुसऱ्याला द्यायचा, असा हा कारभार. मेंदूत ती वाहक प्रथिनांच्या दारातून शिरतात आणि ग्लुकोजला पार करावा लागणारा ग्लायकोलिसिसचा लांब जिना टाळून थेट ॲसिटिल-कोएन्झाइम-ए च्या पायरीवर उतरतात. 'जिना टाळणे' हा शब्दप्रयोग लक्षात ठेवावा, कारण पुढचा सगळा वाद त्याच्याभोवती आहे.

प्रयोगशाळेत दाखवायची असेल तर जुनी रोथेराची कसोटी सोपी आहे. लघवीऐवजी पाण्यात ॲसिटोनचे काही थेंब घ्यावेत, अमोनियम सल्फेटने द्रावण संपृक्त करावे, सोडियम नायट्रोप्रुसाइडचा एखादा खडा टाकावा आणि नळीच्या कडेने हळूच अमोनिया सोडावा. दोन थरांच्या सीमेवर जांभळे कडे उमटते. नायट्रोप्रुसाइड विषारी आहे, ते शिक्षकांनीच हाताळावे. या कसोटीची गंमत, किंवा खरे तर धोका, असा की तिला बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट दिसत नाही, जे सर्वांत जास्त असते तेच. मधुमेही रुग्णाच्या लघवीची पट्टी फिकी आली म्हणून निर्धास्त राहू नये, ते यामुळेच.

दुसरी पायरी अशी: कीटोन वाढवून मेंदूचा एखादा आजार खरोखर आटोक्यात येतो का? येतो, आणि तो आजार म्हणजे अपस्मार, आपण ज्याला फिट्स म्हणतो तो. उपासाने फिट्स थांबतात हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत होते. १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी उपासाची नक्कल करणारा आहार सुचवला: चरबी भरपूर, प्रथिने बेताची, पिष्टमय पदार्थ जवळजवळ नाहीत. १९३८ नंतर फेनिटॉइनसारखी औषधे आली आणि हा आहार मागे पडला. १९९० च्या दशकात तो परतला, आणि त्याच दशकात आपल्याकडेही आला. दादरच्या शुश्रूषा रुग्णालयाशी संबंधित बालमेंदूविकारतज्ज्ञ डॉ. जनक नाथन यांनी औषधांना दाद न देणाऱ्या मुलांसाठी हा आहार भारतीय ताटात बसवला. तो अनुभव त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये 'इंडियन पेडियाट्रिक्स'मध्ये प्रसिद्ध केला. ज्या देशात जेवण म्हणजे भात किंवा भाकरी, आणि कितीतरी घरे शाकाहारी, तिथे लोणी, साय, पनीर, खोबरे यांवर मुलाला वाढवायचे, प्रत्येक घास तराजूवर तोलायचा, वाढदिवसाला केकचा तुकडाही द्यायचा नाही, हे आईबापांना पटवणे हेच मोठे काम. डोंबिवलीहून दादरला मुलाला गर्दीच्या गाडीतून न्यायचे, तेही तोललेला डबा बरोबर घेऊन, हे ज्यांनी केले असेल त्यांच्या चिकाटीपुढे आमचे शिक्षकी कष्ट काहीच नाहीत.

आणि हे केवळ अनुभवाचे बोल नाहीत. २००८ मध्ये लंडनच्या एलिझाबेथ नील आणि सहकाऱ्यांनी १४५ मुलांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकाला आहार लगेच दिला, दुसऱ्याला तीन महिने थांबवले. फिट्स निम्म्याहून कमी झाल्या अशी मुले आहाराच्या गटात ३८ टक्के, दुसऱ्या गटात ६ टक्के. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत सुवासिनी शर्मा आणि सहकाऱ्यांनी आहाराचा थोडा सैल प्रकार तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष दिले, तिथे हेच प्रमाण ५२ आणि ११.५ टक्के होते. अपस्माराचा एक विरळा प्रकार तर असा, की त्यात ग्लुकोजला मेंदूत घेणारे दारच जन्मतः नादुरुस्त असते. १९९१ मध्ये डी व्हिवो यांनी त्याचे वर्णन केले. तिथे कीटोन हेच मुख्य औषध. दार बंद आहे, मागच्या दाराने अन्न पोचवा, इतके सरळ.

न्यूपोर्टबाईंच्या पुस्तकाची सगळी भिस्त या उपमेवर आहे: अल्झायमरच्या रुग्णाचा मेंदूही उपाशी आहे, मागच्या दाराने अन्न पोचवा. उपमा मोहक आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. किरणोत्सारी फ्लोरीन जोडलेले ग्लुकोजसारखे द्रव्य टोचून चित्रे घेतली तर अल्झायमरच्या मेंदूचे काही भाग ग्लुकोज कमी घेताना दिसतात. धोकादायक जनुक असलेल्या विशी-तिशीतल्या निरोगी तरुणांतही अशी थोडी घट रीमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवली, म्हणजे आजार दिसण्याच्या कितीतरी आधी. कॅनडातील शेरब्रूकच्या स्टीफन कुनेन यांच्या गटाने पुढे दाखवले, की सौम्य अल्झायमरच्या ज्या मेंदूला ग्लुकोज कमी घेता येते तो कीटोन मात्र जवळजवळ नेहमीइतकेच घेतो. मागचे दार उघडे आहे, ही गोष्ट खरी.

पण घरात शिजवलेले कमी खाल्ले जाते याची कारणे दोन असू शकतात. एक, धान्य आत येत नाही. दुसरे, घरातली माणसेच कमी झाली आहेत. पेशी मेल्या, त्यांचे दुवे तुटले, तर मागणीच घटणार. तिथे मागच्या दाराशी कितीही पोती रचली तरी गेलेली माणसे परत येत नाहीत. अल्झायमरमध्ये या दोन्हींचे प्रमाण किती, ते सुटलेले नाही. पुस्तक मात्र पहिलेच कारण गृहीत धरून पुढे जाते. या आजाराला 'तिसऱ्या प्रकारचा मधुमेह' म्हणण्याची फॅशन याच गृहीतकातून आली. वर्गात हा शब्द वापरू नये असे आमचे मत आहे. त्याने मुलांना आजार समजत नाही, समजल्याचा भास होतो.

तेव्हा प्रत्यक्ष चाचण्या काय सांगतात ते पाहावे लागते. २००९ मध्ये सॅम्युएल हेंडरसन आणि सहकाऱ्यांनी १५२ रुग्णांवर आठ कार्बनांच्या मेदाम्लाचे एक चूर्ण तपासले. ४५ व्या दिवशी चूर्ण घेणाऱ्यांचे गुण थोडे बरे होते, ९० व्या दिवशी एकूण गटात तो फरक भरवशाचा उरला नाही. हे चूर्ण 'ॲक्सोना' या नावाने अमेरिकेत विकलेही जाऊ लागले. २०१३ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने कंपनीला ताकीदपत्र धाडले. त्याच घराण्यातील सुधारित पदार्थाची ४१३ रुग्णांवरची २६ आठवड्यांची मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २०१७ मध्ये कळला: फरक नाही. नव्या मिश्रणातून रक्तात कीटोन पुरेसे वाढलेच नाहीत, असे त्यावर सांगण्यात आले. असेलही. पण चाचणी फसली की मिश्रणाला दोष आणि जमली की सिद्धान्ताला श्रेय, असा हिशोब आपण विद्यार्थ्याच्या जर्नलमध्ये चालवून घेत नाही.

उलट बाजूही आहे. कुनेन यांच्याच गटाने स्मृतिभ्रंशाच्या अलीकडच्या पायरीवर असलेल्या, म्हणजे विसर वाढला पण व्यवहार चालू आहे अशा लोकांना सहा महिने रोज ३० ग्रॅम मध्यम साखळीचे तेल दिले. मेंदूने घेतलेले कीटोन दुपटीहून जास्त वाढले आणि २०२१ च्या अहवालानुसार स्मरण व भाषा यांच्या काही कसोट्यांत दुसऱ्या गटापेक्षा फरक पडला. न्यूझीलंडमध्ये मॅथ्यू फिलिप्स यांनी २६ अल्झायमर रुग्णांना आळीपाळीने बारा-बारा आठवडे कीटोनवर्धक आणि नेहमीचा सकस आहार दिला. त्याच वर्षी आलेल्या निष्कर्षांत रोजचे व्यवहार आणि जीवनमान सुधारले, आकलनाच्या गुणांतली वाढ मात्र निश्चित म्हणण्याइतकी नव्हती. कंपवातावरच्या त्यांच्या २०१८ च्या चाचणीत तर दोन्ही आहारांचे गट सुधारले. हालचालींखेरीजच्या तक्रारींत कीटोनगट पुढे होता. ताटात काय आहे हे जेवणाऱ्यापासून लपवता येत नाही, ही अशा चाचण्यांची कायमची अडचण. आमचा निर्णय: दिशा तपासण्याजोगी आहे, मुक्काम आलेला नाही.

आता खोबरेल. पुस्तकातला सर्वांत कच्चा दुवा हाच, आणि नेमका तोच घराघरात पोचला. वरच्या चाचणीत दिलेले तेल म्हणजे आठ आणि दहा कार्बनांच्या मेदाम्लांचा अर्क. खोबरेलात आठ कार्बनांचे सुमारे ७ टक्के, दहाचे ६ टक्के. निम्म्याच्या आसपास असते ते बारा कार्बनांचे लॉरिक आम्ल, आणि ते बऱ्याच अंशी लांब साखळीच्या मेदाम्लांसारखेच लसिकावाहिन्यांतून जाते. थेट यकृतात जाऊन कीटोन करण्यात ते फार मागे. विद्यार्थ्यांना त्रैराशिक घालावे: १०० ग्रॅम खोबरेलात १३ ग्रॅम, तर ३० ग्रॅमसाठी खोबरेल किती? उत्तर येते सुमारे २३० ग्रॅम. ग्रॅमला ९ किलोकॅलरीप्रमाणे दोन हजारांहून अधिक किलोकॅलरी, म्हणजे आजीच्या दिवसभराच्या गरजेपेक्षा जास्त. चार चमच्यांत जे मिळते ते त्या चाचणीच्या पासंगालाही पुरत नाही. शिवाय खोबरेलातली सुमारे ९० टक्के मेदाम्ले संपृक्त. इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत ते रक्तातले घातक कोलेस्टेरॉल वाढवते, असे २०२० मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून दाखवण्यात आले आहे.

आमच्या शिक्षकखोलीत एका कोकणी सहकाऱ्याने लगेच मुद्दा काढला, "मग आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या नारळ खातात, आम्हाला हा आजार व्हायलाच नको!" केरळचे उदाहरण आणखी बोलके. कोची शहरात के. एस. शाजी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पासष्टीपुढच्या दर हजारात ३३.६ जणांना स्मृतिभ्रंश आढळला. मुंबईतील २००१ च्या पाहणीत हेच प्रमाण २.४४ टक्के, म्हणजे हजारात २४ च्या घरात होते. यावरून 'नारळाने स्मृतिभ्रंश वाढतो' असा उलटा निष्कर्ष काढणारा विद्यार्थी भेटलाच, तर त्यालाही थांबवावे. पाहण्यांच्या पद्धती, वये, शिक्षण सगळेच वेगळे. एवढेच म्हणता येईल, की नारळाच्या मुलुखात हा आजार नाही असे नाही. दोन आकडे शेजारी ठेवून काय म्हणता येते आणि काय येत नाही, हा धडा शिकवायला याहून जवळचे उदाहरण आम्हाला माहीत नाही.

उरली घड्याळाची चित्रे. रुग्ण एक, आधीचा दिवस आणि नंतरचा दिवस. स्मृतिभ्रंशात चांगले आणि वाईट दिवस येतातच. आदल्या दिवशी वाईट असेल तर दुसऱ्या दिवशी बरा असण्याचीच शक्यता अधिक. तीच चाचणी पुन्हा दिली की गुण थोडे वाढतात, हे परीक्षक म्हणून आपल्याला सांगायला नको. बाईंना पुढे शेकडो पत्रे आली, पुस्तकात त्यांतली कित्येक आहेत. पण ज्यांना गुण आला त्यांनी पत्र लिहिले. ज्यांच्या आईने तेल पिऊनही मुलाला ओळखले नाही, तो कशाला पत्र लिहील? स्टीव्ह न्यूपोर्ट २०१६ मध्ये वारले. आठ वर्षांच्या त्या धडपडीत काही चांगले महिने तेलाने मिळाले की नाही, हे एका रुग्णावरून कुणालाच सांगता येणार नाही, बाईंनाही नाही.

हे सगळे आम्ही त्या मुलीला कसे सांगणार होतो? तिच्या घरी आम्ही गेलो. दोन खोल्या, आई-वडील दोघेही सकाळी मुंबईला जाणारे आणि रात्री आठनंतर परतणारे. मधल्या वेळात आजी आणि ताशी पैसे घेणारी बाई. आजी दार उघडून जिना उतरू लागायच्या म्हणून बाहेरून कडी लावलेली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. कल्याण-डोंबिवलीत अशा किती कड्या असतील याचा अंदाज वाचकांनी करावा. अशा घरात 'रोज चार चमचे' हा सल्ला येतो तेव्हा तो विज्ञान म्हणून येत नाही, काहीतरी करता येते आहे या दिलाशाच्या रूपाने येतो. पुस्तकातली त्रुटी दाखवणे सोपे होते. त्या जागी काय ठेवायचे हे आम्हाला सुचले नाही, हे मान्य केले पाहिजे.

एक गोष्ट मात्र ताबडतोब सांगावी लागली. भात-पोळी बंद आणि मधुमेहाच्या गोळ्या तशाच चालू, हे जोडीने धोक्याचे. काही गोळ्या स्वादुपिंडाला दामटून इन्सुलिन काढायला लावतात. पिष्टान्न नसेल तर साखर एकदम खाली येते, आणि स्मृतिभ्रंशाचा माणूस 'मला कसेतरी होते' हे सांगूही शकत नाही. लघवीवाटे साखर काढून टाकणाऱ्या नव्या गोळ्यांचा धोका उलट जातीचा. त्यांच्याबरोबर पिष्टान्न तोडले तर रक्तातली साखर फारशी न वाढताही कीटोन बेसुमार वाढून रक्त आम्लधर्मी होऊ शकते. उपासात रक्तातील कीटोनची पातळी लिटरला पाच-सात मिलिमोलपर्यंत जाऊन थांबते, कारण थोडे इन्सुलिन लगाम धरून असते. लगाम सुटला की ती पंधरा-वीसवर जाते आणि जीव जाऊ शकतो. द्रव्य तेच, मात्रा वेगळी. हा फरक पुस्तकात आहे, फोनवर आलेल्या सारांशात नव्हता.

आई-वडिलांनी त्याच आठवड्यात आजींना डॉक्टरांकडे नेले. महिन्याभरात वजन अडीच किलो उतरले होते. गोळ्यांची मात्रा बदलली, भात-पोळी परत सुरू झाली. रक्ततपासणीत ब-१२ जीवनसत्त्व बरेच कमी निघाले. शाकाहारी वृद्धांत हे नेहमीचे आहे. विसराळूपणात भर घालणारे ते आणि थायरॉइडची कमतरता, अशी दुरुस्त होण्याजोगी कारणे आधी तपासायची असतात. इंजेक्शनांनी आजींचा अशक्तपणा कमी झाला. स्मृती परतलेली नाही. खोबरेलाचा एक चमचा त्या आमटीवर अजूनही मागतात, चव आवडते म्हणून, आणि त्याला कुणाचीच हरकत नाही.

पुस्तक परत द्यायला गेलो तेव्हा मुलीने एवढेच विचारले, "सर, 'मेंदूला ग्लुकोजच लागते' असं परीक्षेत आलं तर काय लिहू?" 'नेहमीच्या आहारात मुख्यतः ग्लुकोज, दीर्घ उपासात कीटोनद्रव्येही' असे लिही, असे सांगितले. गुण कापले गेले तर उत्तरपत्रिका आमच्याकडे घेऊन ये, असेही सांगून ठेवले आहे.